घरात माणसे किती?



गेल्या महिन्यात एका रविवारी मिस्सा संपल्यावर आपण सारे नेहमीप्रमाणे चर्चच्या अंगणात उभे होतो. आपल्या धर्मग्रामातल्या एका मावशींनी पिशवीतून एक छापील कागद काढला. पुण्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलाने तो पाठवला होता. संकटकाळासाठी घरात काय काय तयार ठेवावे याची ती यादी होती. माणशी रोजचे तीन लिटर पाणी, तीन दिवसांचे कोरडे खाणे, बॅटरी, काडेपेटी, औषधे, कागदपत्रांच्या प्रती, शिट्टी, दोरी. मावशी म्हणाल्या, “एवढं सगळं बांधून ठेवायचं म्हणजे देवावर भरवसा नाही असं नाही का होत?” शेजारी उभे असलेले एक काका लगेच म्हणाले, “अहो, मग देवानं अक्कल कशाला दिली?” सगळे हसले आणि विषय चहाकडे वळला.

मला मात्र दोघांचेही म्हणणे पुरते पटले नाही. मावशींची परवानगी घेऊन मी तो कागद घरी आणला आणि रात्री जेवणानंतर भरायला बसलो. यादी चांगली होती, अनुभवी माणसाने केलेली दिसत होती. पण तिच्या अगदी पहिल्या ओळीत एक रिकामी चौकट होती आणि तिच्यापुढे लिहिले होते, ‘घरातील एकूण माणसे’. पाणी किती, पीठ किती, पांघरुणे किती हे सारे त्या एका आकड्यावर अवलंबून. मी पेन उचलले आणि तिथेच अडलो. का अडलो ते सांगण्यासाठीच हा लेख.

भरवशाचा प्रश्न आधी थोडक्यात आटोपू. आपल्याकडचा कुणबी सुगी झाल्यावर पुढच्या पेरणीचे बियाणे बाजूला काढून ठेवतो. त्याला कोणी अश्रद्ध म्हणत नाही. योसेफाने मिसर देशात सुकाळाची सात वर्षे धान्य साठवले, तेही देवाने दाखवलेल्या स्वप्नाचा अर्थ ओळखूनच. उद्याच्या काळजीने आजचा दिवस पोखरून घेऊ नये ही प्रभू येशूची शिकवण आहे. पण काळजी आणि तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट माझे निरीक्षण असे, की काळजी करणारा माणूस तयारी फारशी करत नाही. तो रात्रभर कूस बदलतो आणि सकाळी गॅसची नळी बदलायची राहूनच जाते.

तयारी चुकते ती श्रद्धा कमी किंवा जास्त असल्यामुळे नव्हे. आपण कशाला भितो आणि कोणाकोणाला मोजतो, यात ती चुकते. आणि हे समजायला आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला लांब जावे लागत नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावोगावी विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातले किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी अशी गावे काही क्षणांत दगडमातीचे ढिगारे झाली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सरकारी हिशेबाने सुमारे ८,००० माणसे गेली. ५२ गावे पुढे नव्या जागी वसवावी लागली. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना मी वेगळे काय सांगणार? आणि ज्यांचा जन्म नंतरचा आहे, त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा शांतपणे विचारावे. पुष्कळांनी ते अजून कोणाला धड सांगितलेलेही नाही.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. तो धक्का जगाच्या मानाने मध्यम होता, रिश्टर मापावर सहाच्या थोडा वर. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरला साधारण तेवढाच धक्का बसला होता आणि तोही पहाटेच. तिथे दोनशेच्या आसपास माणसे दगावली. मग आपल्याकडे हजारो का? वस्ती दाट होती, भूकंपाचे केंद्र गावांच्या जवळ आणि जमिनीत फार खोल नव्हते, ही कारणे आहेतच. पण अभ्यासकांनी ढिगारे पाहून जे सांगितले आणि गावातल्या गवंड्यांनीही जे कबूल केले, ते कारण म्हणजे आपली घरे.

ती घरे कशी होती? भिंत दोन-अडीच फूट रुंद, मोठ्या वाड्यात त्याहून जास्त. बाहेरून दगडांची एक रांग, आतून दुसरी रांग, मध्ये लहान दगड आणि माती. दोन्ही रांगांना आरपार बांधून ठेवणारे लांब दगड क्वचितच. वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचे जड माळवद. पावसात गळू नये म्हणून वर्षादोनवर्षांनी त्यावर नव्या मातीचा थर पडायचा, जुना कोणी काढत नसे. बापाने टाकला, मुलाने टाकला, नातवाने टाकला. धक्क्यात भिंतीच्या दोन रांगा एकमेकींपासून फाकल्या आणि वरचा सगळा भार झोपलेल्यांच्या अंगावर आला. काही ठिकाणी माळवद लाकडी खांबांच्या चौकटीवर तोललेले होते. तिथे भिंती पडूनही चौकट उभी राहिलेली दिसली. आणि अनेक गावांत असेही दिसले, की कुडाच्या झोपडीत राहणारे मजूर वाचले आणि चिरेबंदी वाड्यातले गेले.

ती भिंत एवढी जाड कशासाठी होती? उन्हाळ्यात घर थंड राहावे म्हणून. चोर-दरोडेखोरांना फोडता येऊ नये म्हणून. खिडक्या लहान ठेवल्या त्याही त्याचसाठी. म्हणजे ती भिंत हीच त्या घराची संकटाची तयारी होती! पिढ्यान् पिढ्या, प्रामाणिकपणे, घाम गाळून केलेली. ज्या भीतीसाठी ती बांधली होती त्या भीतीपासून तिने राखणही केली. आणि जे कधी मनातही आले नव्हते ते आल्यावर तीच अंगावर कोसळली.

यावरून कोणी मेलेल्यांना दोष देऊ नये. त्या वेळी आपल्या कानांवर पुष्कळ बोलणी आली. कोणाचे पाप भरले, कोणत्या गावाने काय केले म्हणून ही शिक्षा, असे बोलणारे सर्व धर्मांत होते, आपल्यातही होते. संत लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाच्या बुरुजाची हकीकत आहे. तो पडून अठरा माणसे मेली. ती माणसे यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असे समजू नका, असे येशूने लोकांना स्पष्ट सांगितले. बुरूज पडण्याचे कारण त्या अठरांच्या पापात शोधायचे नसेल, तर तो बांधला कसा होता हे विचारायला आपण मोकळे झालो. मला त्या वचनात हा मोठा दिलासा वाटतो.

तसे विचारले तर दोष गावकऱ्यांचा एकट्यांचा नव्हता हेही दिसते. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किल्लारीच्या आसपास वारंवार लहान धक्के बसले होते. लोक घाबरले होते. पुढे धक्के थांबले आणि भीतीही ओसरली. देशाच्या भूकंप नकाशात आपला भाग तेव्हा सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. जाणकारांचाच नकाशा असा, तर शेतकऱ्याने काय समजावे? २००२ मध्ये नकाशा सुधारला तेव्हा हा भाग तिसऱ्या पट्ट्यात आला. आणि समजा कोणाला कळले असते, तरी आपले दगडी घर उतरवून नवे बांधायला किती जणांकडे पैसा होता? गरिबाला कळूनही वळता येत नाही. त्याला आपण निष्काळजी म्हणतो, हा आपला उद्धटपणा आहे.

पण आज आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात काही ना काही आहे. म्हणून आजच्या आपल्या चुकांविषयी थोडे कडक बोलायला हरकत नसावी.

पहिली चूक त्या भिंतीतच दिसली. आपण मागच्या संकटाची तयारी करतो. भूकंपानंतर लोकांना दगडाची एवढी धास्ती बसली की धड असलेले घर सोडून कित्येक कुटुंबे पत्र्याच्या शेडमध्ये झोपू लागली. पत्रा हलका, पडला तरी जीव जाणार नाही हे खरे. पण आपल्याकडे उन्हाळी वावटळ पत्रा उडवते, म्हणून लोक त्यावर काय ठेवतात? दगड! वादळात पत्रा उचलला की तेच दगड खाली झोपलेल्यांच्या अंगावर. भूकंपातून वाचण्यासाठी दगडाखालून निघालो आणि वाऱ्यापासून वाचण्यासाठी पुन्हा दगड डोक्यावर घेतले. पत्रा खाली नीट आकड्यांनी आणि नटबोल्टने आवळला तर दगडाची गरज राहत नाही. खर्च फार नाही. पण दगड फुकट मिळतो.

पाण्याचेही तेच. आपण दुष्काळी भागातले. १९७२ आठवणारे अजून आहेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते तर तरुणांनीही पाहिले. त्यामुळे आपली सारी अक्कल पाणी साठवण्यात. टाकी, हौद, पिंप. घरात पाणी शिरले तर काय करायचे, हा प्रश्न इथे कोणी विचारला असता तर लोक हसले असते. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा, भूम भागात रात्रीतून असे पाणी आले की माणसे छपरावर चढून बसली आणि हेलिकॉप्टर बोलवावे लागले. धान्याची पोती जमिनीवर होती, कागदपत्रे खाटेखालच्या ट्रंकेत होती, जनावरे दाव्याला बांधलेली होती. दुष्काळी माणसाची सगळी मांडणी जमिनीलगत असते.

सगळ्या संकटांची तयारी कोणालाच जमणार नाही. पण वर्षातून एकदा घरात उभे राहून एवढे विचारता येते, की मी ज्याला भीत नाही असे काय आहे? आणि ते आले तर माझी आत्ताची तयारी उपयोगी पडेल की आड येईल? खिडकीची लोखंडी जाळी चोरासाठी लावली, आग लागली तर तिच्यातून निघता येईल का? दाराला आतून कुलूप घातले, किल्ली कोणाच्या उशाखाली? माळ्यावर पितळी भांडी आणि खाली बाळाचा पाळणा, असे तर नाही ना?

आता घरातली पेटी. यात मीच नापास झालो आहे, तेव्हा माझेच सांगतो. भूकंपानंतर आमच्याकडेही एक पत्र्याची पेटी भरली गेली. मोठ्या उत्साहाने. काही वर्षांनी एका रात्री वीज गेली, घरात एकाला उलट्या-जुलाब सुरू झाले आणि पेटीची आठवण झाली. पेटीला कुलूप होते. किल्ली सापडेना. कुलूप तोडले तर बॅटरीतले सेल फुटून आत हिरवट खार जमलेला, गोळ्यांची मुदत संपून गेलेली, जलसंजीवनीची पाकिटे ओल लागून दगड झालेली. काडेपेटी मात्र उत्तम होती, तीही घरात दुसऱ्या चार होत्या. शेवटी साखर-मीठ पाण्यात कालवून वेळ निभावली. ते ज्ञान पेटीत नव्हते, आईच्या डोक्यात होते.

त्या रात्री मला कळले की आम्ही तयारी केलीच नव्हती. आम्ही भीतीची समजूत घातली होती. वस्तू विकत घेतली, कुलूप लावले, मन शांत झाले, आणि मन शांत झाले म्हणून घर सुरक्षित झाले असे वाटले. आपण कधी कधी मेणबत्ती लावूनही असेच निघून येतो, असो. आता आमच्याकडे पेटी नाही. खालच्या फडताळात उघडी पिशवी आहे, तिच्यातल्या वस्तू रोजच्या वापरात फिरतात. पीठ संपले की त्यातले काढायचे आणि नवे त्यात ठेवायचे. औषधेही तशीच.

याहून मोठी चूक म्हणजे घरात एकालाच सगळे ठाऊक असणे. बहुतेक घरांत तो घरचा मालक असतो. विजेचे मुख्य बटण कुठे, गॅसचा रेग्युलेटर कसा बंद करायचा, सातबारा कुठे, बँकेचे पुस्तक कोणते, विम्याचा हप्ता भरला की नाही. बाईला विचारावे तर ती म्हणते, “ते आमच्या मालकास्नी ठावं.” आणि संकटात नेमका मालकच हाती लागला नाही तर? मोठ्या आपत्तीनंतर मदत घ्यायची तर कागद लागतो, ओळख पटवावी लागते, अर्ज करावा लागतो. अशा वेळी ज्या बाईला आपले घर कोणाच्या नावावर आहे हेही कोणी कधी सांगितलेले नसते, तिच्यावर दुसरा डोंगर कोसळतो. बायकोला माहिती न देणे हा पुष्कळ पुरुषांना प्रेमाचा प्रकार वाटतो. ‘तिला कशाला ताप?’ मला तो अन्याय वाटतो. माणूस गेल्यावर ज्याची शिक्षा दुसऱ्याने भोगावी, असा अन्याय.

भूकंपानंतरच्या पुनर्वसनात या बाबतीत एक चांगली गोष्ट घडली. तिची आठवण आपल्या जिल्ह्याने ठेवायला हवी. जी घरे पडली नव्हती पण खिळखिळी झाली होती, ती दुरुस्त करून मजबूत करण्याचे मोठे काम सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून काढले. भिंतीत आरपार दगड घालणे, माळवदाची माती कमी करणे, भिंतींना चारी बाजूंनी एकत्र बांधणारा पट्टा देणे, अशी कामे. ती लोकांना समजावून सांगायला ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या महिलांना संवाद सहायक नेमले गेले. ज्या बायकांनी तोवर ग्रामपंचायतीची पायरी चढली नव्हती त्या गवंड्याला विचारू लागल्या, की दादा, यात आरपार दगड कुठे आहे? पुढे २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातेत कच्छला भूकंप झाला, तेव्हा आपल्याकडच्या काही बायका तिथल्या बायकांना धीर द्यायला आणि आपला अनुभव सांगायला गेल्या. ज्यांच्याजवळ देण्यासारखे काही नाही असे समजले जात होते त्यांनी ते दिले.

इथून मी पुन्हा त्या रिकाम्या चौकटीकडे येतो.

३० सप्टेंबरच्या पहाटे ढिगाऱ्याखालून जी माणसे जिवंत निघाली, त्यांतली बरीचशी लष्कर आणि सरकारी यंत्रणा पोहोचण्याआधी निघाली. त्यांना काढले शेजाऱ्यांनी, भावकीने, शेजारच्या गावातून धावत आलेल्यांनी. हातांनी, टिकावाने, मिळेल त्या पहारीने. जगभर हेच घडते. पहिले काही तास फक्त शेजारी असतो. मग ज्याने आपल्या घरासाठी तीन दिवसांचे पाणी भरले पण शेजारच्या घरात रात्री कोण कुठे झोपते हे ज्याला ठाऊक नाही, त्याची तयारी झाली असे म्हणायचे का? शेजाऱ्याला ढिगाऱ्याखालून काढायचे तर पहार लागते आणि तो कोणत्या खोलीत आहे हेही माहीत असावे लागते. पहार बाजारात मिळते.

नव्या वसाहतींविषयी लोकांची एक तक्रार असे, ती या संदर्भात विचार करण्यासारखी आहे. रस्ते रुंद केले, घरे दूर दूर केली, भूकंपाच्या दृष्टीने ते बरोबरच होते, कारण जुन्या गावात अरुंद बोळ ढिगाऱ्यांनी बुजले होते. पण वाडा गेला, ओसरी गेली, भिंतीला भिंत लागून असलेली माणसे पांगली. हाक मारली तर ऐकू जाईल असे कोणी राहिले नाही, असे म्हातारी माणसे म्हणत. शहरात आपण हेच आपखुशीने करतो आहोत.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. दिवाळीच्या सुमारास गावोगावची धडधाकट जोडपी ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मागे कोण राहते? म्हातारा, म्हातारी आणि शाळेत जाणारी पोरे. पाच-सहा महिने त्या घरात वजन उचलू शकेल असे कोणी नसते. त्या घराला तुम्ही ती छापील यादी दिलीत तर काय होईल? दोरी आहे, पण ओढणार कोण? शिट्टी आहे, पण ऐकून धावणार कोण? त्या घराची खरी तयारी शेजारच्या घरातच असू शकते. म्हणजे त्या चौकटीत त्यांनी स्वतःला लिहून भागत नाही. त्यांना दुसऱ्या कोणीतरी आपल्या चौकटीत लिहायला हवे.

इथे कोणी मला दहा कुमारींचा दाखला आठवून देईल, आणि ते योग्यच होईल. शहाण्या पाच जणींनी तेल बरोबर घेतले होते, मूर्ख पाच जणींनी ऐनवेळी मागितले आणि शहाण्यांनी दिले नाही. लहानपणापासून मला हा दाखला बोचत आला आहे. शेजारणीला थोडे तेल न देणे यात कसला शहाणपणा? धर्मशिक्षणाच्या वर्गात मी हे विचारले तेव्हा मला गप्प बसवण्यात आले, पण आता वाटते की त्या गोष्टीत एक व्यवहारी सत्य आहे. काही तयारी मध्यरात्री उसनी देताच येत नाही. अंधारात जिना उतरायची सवय, बटण कुठे आहे याचे ज्ञान, पोहता येणे, मुलाला बापाचा फोन नंबर पाठ असणे (आजकाल तो कोणालाच पाठ नसतो, सगळे नंबर मोबाईलमध्ये आणि मोबाईल बंद), शेजाऱ्याशी असलेला अबोला आधीच मिटवलेला असणे. ही तेले ज्याची त्यानेच आधी भरायची. मी ती भरली नाहीत, तर संकटात मी मदतीला येणाऱ्याचे हात अडवतो. जो वेळ आणि जी खाट शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना मिळायची, ती धडधाकट असून मी खातो. म्हणून आपली तयारी करणे हे शेजाऱ्याचेच देणे आहे. निष्काळजी माणूस स्वतःपुरता निष्काळजी कधीच नसतो.

पण धान्य, पाणी, औषध, पहार, चारपाई या गोष्टी उसन्या देता येतात. त्यांना तेलाचा नियम लावायला मी तयार नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाच्या लाटेत काय झाले ते आठवा. ‘घरात असावे’ म्हणून ऑक्सिजनचे सिलिंडर आणि रेमडेसिव्हिरची इंजेक्शने काही सुखवस्तू घरांनी अडवून ठेवली. घरात कोणी आजारी नव्हते. ती घरे दुष्ट नव्हती, भ्यालेली होती. आपल्या पोराबाळांसाठी त्यांनी ‘तयारी’ केली होती. आणि त्याच वेळी दवाखान्याच्या दारात लोक सिलिंडरसाठी हात जोडत होते. साठवण कुठे संपते आणि साठेबाजी कुठे सुरू होते? माझ्यापुरता मी एक खुंटा ठोकला आहे. टंचाई येण्याआधी, बाजारात मुबलक असताना थोडे थोडे घेऊन ठेवले ती साठवण. टंचाई आल्यावर धावत जाऊन गरजेपेक्षा जास्त उचलले ती दुसऱ्याच्या ताटातली भाकरी. आधी घेतलेलेही संकट आल्यावर ‘माझेच’ राहते का, हा प्रश्न तरीही उरतो.

आपल्या जुन्या लोकांना हा प्रश्न नवा नव्हता. घरात कणगी आणि बळद असे, पण मोठी साठवण गावाबाहेरच्या पेवांत जमिनीखाली. पेव कोणाचे हे गावाला ठाऊक असे. आणि दुष्काळात ते कोणी उघडले, कोणी उघडले नाही, हेही गाव दोन पिढ्या विसरत नसे. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा अजून सांगतात. बिदरच्या बादशहाचे ते अधिकारी. भुकेली माणसे दारात पाहून त्यांनी सरकारी कोठारे उघडली. कथेत पुढे काय चमत्कार झाला तो श्रद्धेचा भाग, पण चमत्कार व्हायच्या आधी कुलूप उघडलेले होते हे महत्त्वाचे. कोठार त्यांचे नव्हते, त्यामुळे शिक्षा ठरलेली होती. आपल्याला तर फक्त आपल्याच फडताळाचे दार उघडायचे असते.

मी हे लिहितो आहे, पण माझा हिशेब अजून बसलेला नाही. शेजारी किती धरायचे? एक घर? चार घरे? पलीकडची वस्ती? सगळ्यांना मोजायला गेलो तर कोणालाच पुरणार नाही आणि मग मी कोणालाच मोजणार नाही, ही पळवाट मला चांगली ओळखीची आहे. म्हणून सध्या मी एवढे ठरवले आहे, की ज्याला माझी हाक ऐकू येते आणि ज्याची हाक मला ऐकू येते तो माझ्या चौकटीतला. आमच्या गल्लीत त्या हिशेबाने अकरा माणसे होतात. त्यांतल्या दोघांशी माझे बोलणे बंद होते. एकाशी सुरू झाले आहे.

मागच्या रविवारी मी मावशींचा कागद परत दिला. त्यांनी चष्मा लावला, अंगणातल्या बाकावर बसल्या आणि चौकटीत ‘२’ लिहिले, स्वतः आणि काका. मग थोडा वेळ पेन तसेच धरून बसल्या. शेजारी एक आजी राहते. तिचा मुलगा आणि सून कारखान्यावर गेलेत, दोन नातवंडे तिच्याजवळ. मावशींनी २ खोडून ५ केले. माझ्याकडे वर पाहून म्हणाल्या, “आणि तिची शेळी?”

शेळीसाठी यादीत रकाना नव्हता. मी म्हटले, “शेळीला पाणी आपल्यातलंच. पण दावं जरा बघून घ्या मावशी, हिसका दिला की सुटेल अशी गाठ आहे का.” त्या म्हणाल्या, “तिची गाठ मलाच सुटत नाही, आजच सांगते पोराला.” आणि कागद पिशवीत घालून घरी गेल्या.